गोलातला इसोदा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माणसांना रांगेत कसं ठेवायचं ते माझ्याकडून शिकावं. ओसाकाच्या एका मोठ्या दुकानात भेटवस्तूंच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली. वर्षअखेरीच्या गर्दीत आया आपली मुलं विसरायच्या, पण माझ्या रांगेतला नंबर कधी चुकला नाही. त्यामुळे निवृत्त होऊन गावी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी आमच्या सहावीच्या वर्गाची नाराची सहल पुन्हा काढायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, "तुम्ही काही करायचं नाही. बसमध्ये बसायचं, माझ्या हातातल्या पिवळ्या झेंड्याकडे बघायचं, झेंडा जाईल तिकडे जायचं. इकडेतिकडे बघायचं नाही."

सहल कशासाठी? एका फोटोसाठी, आणि तोही माझ्यासाठी. सहावीत आमचा वर्ग नाराला गेला होता. पहिल्या संध्याकाळी वर्गातल्या तात्सुओने पैज लावली म्हणून मी हरणांना द्यायची कोंड्याची बिस्किटं खाल्ली. एक-दोन नाही, पुडेच्या पुडे. पैज जिंकलो आणि रात्रभर पोट धरून बसलो. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग मोठ्या बुद्धाच्या देवळासमोरच्या तळ्याकाठी हरणांसोबत फोटो काढायला गेला आणि मी धर्मशाळेत पेज पीत पडलो.

गैरहजर मुलाचं काय करतात ते तुम्हाला माहीतच आहे. त्याचा चेहरा कुठल्यातरी जुन्या फोटोतून कापून वर आभाळात एका गोलात चिकटवतात. आमच्या शाळेच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे. खाली सगळा वर्ग, हरणं, मध्ये हसणाऱ्या मिनोबे बाई, आणि वर उजव्या कोपऱ्यात मी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाई शाळा बघायला आल्या. त्यांनी फोटोपुढे हात जोडले आणि हळूच विचारलं, "तुम्हाला जुळा भाऊ होता का हो?"

वर्गातले लोक अजून मला "ढगातला" म्हणतात. हसतो मीही. पण त्या सहलीची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी संध्याकाळी मिनोबे बाई माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या होत्या. नोकरीला नुकत्याच लागलेल्या, आमच्याहून फार मोठ्या नव्हत्या. बुद्धाचा तळहात केवढा, हरणं बिस्किटासाठी मान लववून नमस्कार कसा करतात, तळ्यात देऊळ उलटं कसं दिसतं, सगळं त्यांनी मला सांगितलं. नंतर ओसाकाहून मी कितीदा नाराला गेलो, पण बाईंनी सांगितलं तेवढं सुंदर ते मला कधी दिसलं नाही. त्यामुळे एकदा, फक्त एकदा, त्यांच्या शेजारी उभं राहून तो फोटो काढायचा होता मला. बाई आता एक्याण्णव वर्षांच्या. त्यांच्या वृद्धाश्रमाने एका दिवसाची परवानगी दिली तीसुद्धा नाकं मुरडत. "पुन्हा मागू नका, त्यांना झेपणार नाही," असं तिथली परिचारिका स्पष्ट म्हणाली.

म्हणून मी काही कमी ठेवलं नव्हतं. उत्सुमी नावाचा फोटोवाला ठरवला. त्याने तळ्याकाठी पायऱ्यांचं बाक मांडून ठेवलं. आमच्यामागे एका शाळेचा नंबर होता, तेव्हा आम्हाला मोजका वेळ. हरणांची बिस्किटंही आधीच घेतली, कारण बाईंनी बसमध्येच हट्ट धरला होता.

"इसोदा, मला हरणांना खाऊ घालायचाय."

"घालू बाई. पण फोटोनंतर. आधी बिस्किटं दिसली तर हरणं आपल्याला धड उभं राहू देणार नाहीत."

मग बिस्किटांची पिशवी मी झेंड्याच्या काठीला अगदी वर बांधली. एवढ्या उंचावर कुठल्या हरणाचं तोंड पोचतंय? माझ्या हुशारीचं माझं मलाच कौतुक वाटलं.

बाईंची चाकाची खुर्ची मी पहिल्या ओळीच्या मध्यभागी लावली, ब्रेक ओढला आणि वर्गाला आणायला निघालो. उरलेले दहा जण शौचालयापाशी होते. या वयात दहा माणसं एकदम मोकळी होत नाहीत. दोन बाहेर येतात तर एक परत आत जातो. मी लांबूनच झेंडा हलवला. तात्सुओने हात वर केला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

आणि एक हरीण माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. शिंगं कापलेला, चांगला थोराड नर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून रीतसर नमस्कार केला.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? सगळं आयुष्य माझ्यासमोर कुणी वाकलं की मी त्याच्याहून थोडं जास्त वाकत आलो. ते मी ठरवून करत नाही, पाठ आपली आपण वाकते. मी वाकलो. त्याला वाटलं, खाऊ कबूल झाला. तो पुन्हा वाकला. मग मीही वाकलो. तेवढ्यात आणखी दोन हरण्या आल्या आणि त्याही वाकल्या. बायामाणसांना उत्तर दिल्याशिवाय कसं राहायचं?

शेजारी बिस्किटं विकणारी म्हातारी बसली होती. ती ओरडली, "अहो, नमस्कार कसले घालताय, बिस्किट द्या त्याला!"

"देणार आहे. फोटोनंतर."

"त्याला काय करायचाय तुमचा फोटो?"

मी तिच्याकडे वळून नम्रपणे वाकलो. आणि वाकताना हातातली काठीही माझ्याबरोबर वाकते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नराने पिशवी धरली. मी काठी धरून ठेवली. मागून एका हरणीने ढुशी दिली आणि मी गवतात बसलो. नाराच्या गवतात बसणं म्हणजे कशावर बसणं, ते मी लिहीत नाही. उठेपर्यंत हरीण झेंड्यासकट झाडीकडे गेलं होतं.

जाऊ दे झेंडा, म्हणून मी कपडे झटकले आणि वर्गाला हाक मारायला वळलो. शौचालयापाशी कुणीच नव्हतं. स्वतःहून बाकाकडे गेले असतील म्हणून तळ्यावर धावलो. तिथे बाई एकट्याच बसल्या होत्या.

"बाई, मुलं कुठायत?"

"मुलं आणायला तूच गेला होतास ना?" बाई म्हणाल्या.

उत्सुमीने घड्याळ दाखवलं. मागे पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची पोरं येऊन उभी राहिली होती. मी आलोच म्हणून सुटलो.

वर्ग सापडला तो थेट कासुगाच्या देवळाच्या वाटेवर, दगडी दिव्यांच्या रांगेत. तात्सुओ पुढे, बाकीचे मागे, शिस्तीत एकामागून एक चाललेले. मला पाहून तात्सुओ थबकला.

"इसो? तू मागून कसा आलास?"

"तुम्ही इकडे कसे आलात ते आधी सांग!"

"झेंड्यामागून. तूच म्हणालास ना, इकडेतिकडे बघायचं नाही?"

"अरे, झेंडा हरणाच्या तोंडात होता!"

किनुयो टोफूचं दुकान चालवते, बोलणं सुरीसारखं. ती म्हणाली, "तरीच. सारखा खालीवर होत होता. मला वाटलं, हा वाटेत भेटेल त्याला नमस्कार करत चाललाय. त्यात नवीन काय?"

मी सगळ्यांना परत फिरवलं, पण तात्सुओ हलेना. एवढ्या वर आलोच आहोत तर देवाला हात न जोडता जायचं का, म्हणाला. दहाच्या दहा जणांनी हात धुतले, टाळ्या वाजवल्या, हात जोडले. उतरताना कुणाचे गुडघे, कुणाची काठी. मी पुढे पळायचो, मागे यायचो.

तळ्यावर पोचलो तर बाकावर पोरांच्या पिवळ्या टोप्या. बाई बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या. आमचा वेळ कधीच संपला होता. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, आता निघायलाच हवं. घाटाचा रस्ता आहे, आणि आजींना जेवणाच्या आत पोचवायचंय."

मी तिथेच फुटपाथवर बसलो आणि मला रडू फुटलं. लाज वाटली, तरी थांबेना. नातवंडं असलेला माणूस, विजारीला हरणाच्या लेंड्या लागलेल्या, आणि हमसून हमसून रडतोय.

"इसोदा, आधी नाक पूस," बाई म्हणाल्या. "फोटो झालाय."

"कसा होईल बाई? आम्ही नव्हतोच."

"मी होते ना. वेळ झाली, मी हजर होते, काढून घेतला. तुम्ही सगळे गैरहजर. गैरहजर मुलांचं काय करतात ते तुला सांगायला हवं का?"

उत्सुमी कॅमेरा घेऊन धापा टाकत आलाच. बाईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. बसच्या पत्र्याला टेकून एकेकाला उभं केलं आणि फटाफट चेहरे टिपले. बाई खिडकीतून प्रत्येकाचं नाव पुकारत होत्या, आणि आम्ही म्हातारे "हजर" म्हणत होतो.

पंधरवड्याने फोटो घरी आला. मध्ये मिनोबे बाई, मांडीवर बिस्किटांचा पुडा. त्या म्हातारीकडूनच घेतला असणार. दोन्ही बाजूंनी हरणं दाटीवाटीने उभी, सगळी बाईंकडे बघतायत, वर्गात आम्हीसुद्धा इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. आणि वर आभाळभर गोल. किनुयो, तात्सुओ, सगळेच्या सगळे. मी उजव्या कोपऱ्यात, पण आता शेजार होता. मी तो फोटो कितीतरी वेळ हातात धरून बसलो. खूप बरं वाटलं. वर्गातल्या ज्यांना आता फोटोत येताच येणार नाही, तेही आठवले.

संध्याकाळी वृद्धाश्रमातून फोन आला.

"इसोदा, मिळाला का फोटो?"

"मिळाला बाई. फार छान आलाय."

"छान काय, डोंबल! पुन्हा गैरहजर तू."

"हो बाई."

"मग पुन्हा जायला हवं. पुढच्या वसंतात. इथल्या लोकांशी मी बोलते."

मी मनात हिशेब केला. पुढच्या वसंतात बाई ब्याण्णव वर्षांच्या होणार होत्या.

"ऐकू येतंय ना? थांबते मी तोपर्यंत," बाई म्हणाल्या. "पण या वेळी झेंडा माझ्याकडे द्यायचा."