हमरस्त्यावरचं गोड पाणी

नळाच्या पाण्यात पोट बिघडवणारे जंतू सापडले आहेत, पाणी उकळून प्यावं, अशी नोटीस पोस्टाच्या दारावर लागली, तेव्हा फ्रेड कझाकॉफला संशय आला तो पाण्याचा नव्हे, मेहुण्याचा. गावची टाकी सांभाळणारा वॉल्टर हा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. कूटनीच्या डोंगरातल्या रशियातून येऊन वसलेल्या लोकांच्या त्या वस्तीत सरकारी कागदावर विश्वास ठेवायचा नाही, ही तीन पिढ्यांची शिकवण. त्यात हा कागद मेहुण्याच्या सहीचा!

"तुझा भाऊ काहीतरी लपवतोय," बीटचं बोर्श्ट सूप भुरकत तो पॉलीला म्हणाला.

"लपवायचंय काय त्यात? ओढ्यात त्या बीव्हर जनावरांनी घाण केली असेल. खळखळून उकळायचं, संपलं."

"आणि तो स्वतः कुठलं पाणी पितो, बघितलंस कधी?"

पॉलीने बघितलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच फ्रेडने बघितलं. वॉल्टरच्या गाडीमागे त्याने आपली गाडी अंतर राखून चालवली. हमरस्त्याच्या वळणावर डोंगरातून आलेली एक जुनी लोखंडी नळी बारमाही वाहत असे. वॉल्टर तिथे उतरला, दोन्ही बाजूंना पाहिलं, मोठा कॅन काठोकाठ भरला आणि घाईघाईने निघून गेला.

"अस्सं!" फ्रेड गाडीतच म्हणाला. "आम्ही उकळत बसायचं आणि हा झऱ्याचं पिणार!"

ही गोष्ट त्याने फक्त शेजारच्या नास्त्या आजीला सांगितली, तीही कोणाला न सांगण्याच्या शपथेवर. रविवारी नळीपाशी अकरा गाड्यांची रांग होती. पाणी थंडगार होतं, आणि चोरून मिळालेलं असल्यामुळे जरा जास्तच गोड लागत होतं. पॉली मात्र आपली किटली सोडेना.

दोन आठवड्यांनी प्रार्थनेच्या सभेत खर्जातले तिघे गायक स्तोत्र अर्धवट टाकून एकामागून एक बाहेर पळाले. सभागृहाला संडास एकच. चौथा फ्रेड. पोटात गुरगुर, वर कुजक्या अंड्यांच्या वासाचे ढेकर.

"बघितलंस नळाच्या पाण्याचे प्रताप?" घरी येऊन तो कण्हला.

"नळाचं तू पितोस कुठे?"

"आंघोळ तर त्यानेच करतो ना!"

संध्याकाळी वॉल्टर आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

"भावोजी, माझं डोकंच चालेनासं झालंय. टाकीचं पाणी दोनदा तपासलं, अगदी स्वच्छ आलं. नोटीस उतरवावी म्हणतो, तर अर्धं गाव आडवं! जंतू येतात कुठून म्हणून डोंगरातला एकूण एक ओहळ कॅन भरभरून तपासायला धाडला. सगळ्यात घाण निघाली ती हमरस्त्यावरची नळी. वर बीव्हरांनी धरणच बांधलंय. पण ते पाणी पितंय कोण?"

पॉलीने फ्रेडकडे पाहिलं. फ्रेडने पोट धरलं.

"मी... म्हणजे आम्ही सगळेच," तो म्हणाला. "तुला भरताना बघितलं होतं मी."

"अहो, मग मला विचारायचंत ना!"

"तू खरं सांगितलं असतंस कशावरून?"

वॉल्टरने बाहेर जाऊन गाडीतून 'पिऊ नये'ची पाटी काढली आणि भावोजींच्या हातात दिली. "तुम्हीच लावा. आणि तिथंच उभे राहा. तुमचं ऐकतात ना लोक?"

सकाळी औषधाच्या गोळ्या घेऊन फ्रेड नळीपाशी उभा राहिला. पहिली गाडी नास्त्या आजीची. ऐंशीच्या घरातली ती म्हातारी नळीचं पाणी पिणाऱ्यांत एकटीच ठणठणीत होती.

"आजी, नका भरू. जंतू आहेत यात. वॉल्टर पाणी प्यायला नाही, तपासायला नेत होता. माझीच चूक झाली."

आजीने पाटी वाचली. मग फ्रेडला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्याला कोपराने बाजूला सारून कॅन नळीखाली धरला.

"आम्हाला इथून हाकलायचे मेहुण्याने तुला रोजचे किती कॅन कबूल केलेत रे?"