येसूअण्णांची उकळलेली दोरी

आमचे घरमालक येसूअण्णा आंघोळीला जाण्यापूर्वी न्हाणीच्या दारात उभे राहत, माडीकडे तोंड करत आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "वर कोण हाय?"

यावर माडीवरून आम्ही नवराबायकोपैकी कुणीतरी "आम्ही आहोत, उतरा!" असं ओरडायचं. मगच अण्णांच्या अंगावर पहिला तांब्या पडे. न्हाणी अंगणाच्या पातळीला होती, उतरायला तिथे एक पायरीसुद्धा नव्हती. तरी "उतरा" असंच म्हणावं लागे. एकदा मी गमतीनं "बसा" म्हणालो, तर अण्णा पंचा गुंडाळून अर्धा तास ताटकळत उभे राहिले. दुपारची वामकुक्षी असो, धान्याच्या कोठीत शिरणं असो की दाढ काढायला खुर्चीवर बसणं असो, आधी प्रश्न, मग उत्तर, मग पुढचं.

मी मूळचा साताऱ्याचा. लढाई सुरू झाली त्या सुमारास सांगलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि नव्या नवरीला घेऊन जागा शोधत अण्णांच्या दारात पोचलो. इतर घरमालक आम्हाला पगार विचारत होते, गोत्र विचारत होते, एकानं तर घोरता का म्हणून विचारलं. अण्णांनी एकच विचारलं, "दोगांत आवाज कुनाचा मोटा?"

मी सुमतीकडे बघितलं. सुमतीनं जमिनीकडे बघितलं. "हिचा," मी ठोकून दिलं.

"मंग माडी तुमची, मास्तर."

सुमती बिचारी चारचौघांत तोंडातून शब्द काढायची नाही. तिकीट-मास्तरनं नाव विचारलं तरी माझ्या कोटाची बाही ओढायची. पण अण्णांनी तिला महिनाभरात तयार केली. वर्षभरात तर भाजीवाली खालून आली तरी आमची सुमती आतून "उतरा!" म्हणू लागली.

या प्रश्नाचा उगम हळदीच्या पेवात होता. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणतात. तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आत हळद वर्षानुवर्षं सुखरूप राहते, पण हवा कोंदते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. जळत राहिला, तर उतरणाऱ्यानं कमरेला दोरी बांधून विचारायचं, "वर कोण हाय?" वरून उत्तर आलं की उतरायचं. खालून दोरीला एक हिसका म्हणजे ठीक आहे. लागोपाठ तीन हिसके म्हणजे ओढा, आणि कारण विचारत बसू नका.

अण्णांचा जन्म या पेवांत गेला. त्यांची दोरी वीस वर्षं त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी धरली. त्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अण्णांनी उतरणं त्याच साली सोडलं. विचारणं काही सुटलं नाही.

अशा या अण्णांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला. हळद त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की तळवे पिवळे, नखं पिवळी, घामानं बंडीसुद्धा पिवळी. गावातल्या डॉक्टरांनी बघताक्षणीच काविळीचं औषध लिहून दिलं. अण्णांनी ते मुकाट्यानं महिनाभर घेतलं. मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला कावीळ नाहीये."

"न्हाई ना. पर औषद लय ग्वाड मान्सावानी हाय, मास्तर. कापत न्हाई."

पुढे दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांना खरा प्रकार कळला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ऑपरेशन करून टाका. एखाद्या दिवशी आतडं अडकलं तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही." हे मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, करू की. त्यात काय."

आणि पळापळ सुरू झाली. पहिली तारीख ठरली, त्या दिवशी अण्णा कोरेगावला भाचीच्या घरी जेवायला गेले. भाचीनं बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या तारखेला ते इस्पितळाच्या फाटकापर्यंत आले, दारातल्या कुत्र्यानं कान झाडले म्हणून परत फिरले. तिसऱ्या वेळी टांग्यात बसले आणि सवयीनं "वर कोण हाय?" म्हणाले. टांगेवाला नवीन होता. तो म्हणाला, "वर? वर छप्पर हाय." अण्णा उतरून चालू लागले.

मधल्या काळात त्यांनी गावातले झाडून सगळे ऑपरेशनवाले गाठले. मला वाटलं, दुखतं किती, टाके किती, असं विचारत असतील. पण त्यांचा प्रश्न वेगळाच. "कोलोफारम दिल्यावर मानूस खाली जातो म्हनं. तितं काय दिसलं?" पोस्टमन म्हणाला, काही नाही. एका शिपायाला ढगात बँड ऐकू आला होता. चौकातल्या शिंप्याला मात्र आपला मेलेला बाप दिसला होता आणि त्यानं विजारीच्या शिवणीवरून झापलंही होतं. अण्णा त्या शिंप्याकडे तीनदा जाऊन आले. "म्हातारा सोता बोलला? तू आदी हाक मारलीस का त्येनं?" असं खोदखोदून विचारत होते. नको असताना त्याच्याकडे दोन बंड्या शिवायला टाकल्या. भीतीनं माणूस काय काय करतो, असं म्हणून मी आणि सुमती पोट धरून हसलो.

शेवटी एका सकाळी न्हाणीतच ते कळवळून खाली बसले. कण्हणं ऐकून सुमती धावत खाली गेली, आणि लाजणाऱ्या माझ्या बायकोनं म्हाताऱ्याला असं काही फैलावर घेतलं की मीच दाराआड उभा राहिलो. अण्णा निमूटपणे म्हणाले, "जातो, वैनी. पर दोरी पायजे. तुमी भायेर धरायची."

डॉक्टर आधी हसले, मग चिडले, मग थकले. "दोरी चालेल," ते म्हणाले, "पण निर्जंतुक पाहिजे." नर्सबाईंनी ती पेवातली, हळदीनं माखलेली वीस हात दोरी चिमट्या-कात्र्यांबरोबर उकळायला टाकली. झाकण काढलं तर आत रस्सा झाला होता. कात्र्या पिवळ्या, चिमटे पिवळे. आदल्या दिवशी अण्णांनी ऑपरेशनच्या खोलीत कंदील पेटवून अर्धा तास ठेवून बघितला होता. विझला नाही, तेव्हा "हवा बरी हाय" असा दाखला त्यांनी डॉक्टरांना दिला होता.

ऑपरेशनच्या सकाळी दोरीचं एक टोक अण्णांच्या मनगटाला आणि दुसरं दाराखालून बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या हातात. आत डॉक्टर म्हणाले, "आकडे मोजा."

"वर कोण हाय?" अण्णांचा आवाज आला. कापरा होता.

मी घसा साफ करत होतो, तोवर सुमती ओरडली, "आम्ही आहोत! उतरा!" सगळं इस्पितळ दचकलं. एक पेशंट खाटेवरून खरोखरच खाली उतरला.

दोरीला एक हिसका बसला. ठीक आहे. मग ती सैल पडली.

बराच वेळ गेला. मला एकाएकी फार भीती वाटू लागली. या म्हाताऱ्याला आपण हसून हसून इथवर आणलं, आणि याचं काही बरंवाईट झालं तर उद्या न्हाणीच्या दारातून कोण विचारणार, असं मनात आलं. सुमतीचे ओठ पुटपुटत होते. दोरी तिनं तळहाताला वेढून घेतली होती.

तेवढ्यात हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा, चांगला जोरात.

आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. दोघांनी पाय रोवले आणि ओढलं!

आत भांडी कोसळली, नर्सबाई किंचाळल्या आणि कंपाउंडरचा "मेलो" असा आवाज आला. घटकाभरानं डॉक्टर दारात आले. तोंडावरचं फडकं फुगत होतं. "मास्तर, मी टाके घालतोय आणि तुम्ही पेशंट बाहेर काढताय? त्याचा हात कमानीसारखा उभा राहिला!"

कंपाउंडरचा पाय दोरीत अडकला होता. अण्णांचा श्वास मधेच मंदावला, म्हणून तो बाटली आणायला धावला होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. "आता बरा चाललाय श्वास," ते म्हणाले, "पण ती दोरी सोडा." दोरी सोडणं मात्र कुणाला जमलं नाही. उकळल्यामुळे मनगटावरची गाठ अशी आवळली होती की नर्सबाईंची नखंही हरली.

दुपारी अण्णांना खाटेवर आणलं. आम्ही दोन्ही बाजूंना बसलो, दोरीचं टोक अजून सुमतीच्या हातात. बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले.

"वर कोण हाय?"

"आम्ही आहोत," सुमती हळूच म्हणाली.

अण्णांनी डोळे उघडले. आमच्याकडे बघत राहिले, मग छताकडे. "लय खोल गेलो व्हतो," ते म्हणाले. "पारूला हाका मारल्या. वर असताना कवा एका हाकंला चुकली न्हाई. तितं ओ न्हाई दिली."

तो शिंपी, त्याचा बाप आणि त्या दोन बंड्या मला आत्ता कळल्या, आणि आपण किती हसलो त्याची लाज वाटली.

"म्हनलं, आनकी थोडं खाली जावं. असंल तितं. निगालोच व्हतो. तेवड्यात वरनं कुनीतरी वडलं." त्यांनी मनगटाकडे बघितलं. "लय जोरात वडलं. कोन व्हतं?"

सुमतीनं नुसता हात वर केला. तळव्यावर दोरीचे पिवळे वळ उठले होते.

अण्णा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून उशीवर गेलं, त्यांनी पुसलं नाही.

"सोडू का आता, अण्णा?" तिनं विचारलं. "दुखत असेल हाताला."

"नगं," अण्णा म्हणाले. "आजून जरा येळ धरा."