सोनीबाईचे शीतकरण यंत्र

माणसाने एखादी गोष्ट स्वेच्छेने करावी असे वाटत असेल, तर त्याला शेवटची तारीख द्यावी लागते. म्हणूनच नव्या घरांसाठीची ‘हरित मानके’ पूर्णपणे ऐच्छिक असल्याचे परिपत्रक चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडच्या गावांत आले, तेव्हा त्यात तीस एप्रिल ही तारीख ठळक अक्षरांत होती. ज्यांना स्वेच्छा नसेल, त्यांनी ती का नाही हे तीन प्रतींत कळवायचे होते. (चौथी प्रत ऐच्छिक.)

सोनीबाईला स्वेच्छा होती, कारण घरात माणसे सात आणि खोल्या दीड. तिला घरकुल मंजूर झाले. सिमेंटच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. आता उरल्या दोन अटी, हरित मानकांची तपासणी आणि जुने मातीचे घर पाडल्याचा फोटो.

ते घर तिने आणि जंगूने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बांधले होते. बांबूचा कूड, त्यावर माती, वर कवेलूंचे छप्पर. तिची तिन्ही लेकरे तिथेच जन्मली.

“फोटो पाह्यजे म्हणते,” जंगू म्हणाला.

“मंग फोटो काढू दे. पाडाचं कायले?”

तपासणीला इंजिनियर प्रफुल आला, टॅब आणि तापमापक घेऊन. बाहेर सेहेचाळीस अंश. नव्या घरात त्रेचाळीस. प्रफुल प्रामाणिक होता. घाम पुसत त्याने प्रत्येक रकाना भरला. परसातल्या मोहाच्या झाडाला शून्य गुण, कारण तो परिपत्रकाच्या आधी उगवला होता. कुंडीतल्या रोपाला चार. कुंपणाच्या बांबूला शून्य, कारण तो बांबू असल्याचे प्रमाणपत्र नव्हते. पास व्हायला चाळीस हवे होते, झाले बावीस.

बेरीज पुन्हा करायला तो सावलीसाठी जुन्या घरात शिरला, दोन तांबे पाणी प्याला आणि खाटेवर वीस मिनिटे झोपला. (अहवालात : ‘सखोल निरीक्षण’.) जागा झाला तेव्हा तापमापक चौतीस दाखवत होता.

“बाई, हे पाडाच लागते,” तो ओशाळून म्हणाला. “मशीनमंधी मातीच्या घराचा रकानाच नाई.”

“कोणकोणते रकाने हायेत?”

त्याने वाचले. भिंती, खिडक्या, दिवे, शीतकरण यंत्र.

“हे शेवटचं काय होय?”

“थंडी हवा देते, ते.”

“मंग हे काय हाये? तुमी इथी झोपले काऊन?”

प्रफुलने कवेलूंकडे पाहिले, तापमापकाकडे पाहिले, आणि नोंद केली. यंत्राचा प्रकार : स्थिर. वीजवापर : शून्य. आवाज : शून्य (कोंबड्या वगळून). टॅबने आपण होऊन पाच तारे दिले. नव्या घराचे गुण एक्याण्णव झाले, जिल्ह्यात पहिले. आणि प्रमाणपत्र ज्या यंत्रावर अवलंबून आहे, ते पाडणे हा नियमभंग ठरत असल्याने पाडकाम रद्द झाले.

प्रफुल गेल्यावर सोनीबाईने जुन्या घराच्या भिंती सारवण्यासाठी शेणमाती कालवायला घेतली.

तेही नियमबाह्य निघाले. यंत्राची देखभाल अधिकृत तंत्रज्ञानेच करायची असते. त्यामुळे तिला चंद्रपूरला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जावे लागले. वातानुकूलित सभागृहात तिला हुडहुडी भरली. ती बाहेर उन्हात जाऊन बसली, म्हणून एक दिवसाची गैरहजेरी लागली. तरीही आज ती सारवण्यास पात्र आहे.

वर्षभराने मानकांचा आढावा झाला. जंगलातल्या गावांत मातीच्या घरांकडून पालन : शंभर टक्के. शहरांतल्या उंच इमारतींकडून : दोन टक्के (एका इमारतीची लिफ्ट बंद पडून वीज वाचली होती). यावरून समितीने शांतपणे निष्कर्ष काढला. जे नियम पाळतात, त्यांच्यावर सक्ती केली तर ती हमखास यशस्वी होते. जे पाळत नाहीत, त्यांच्यावर सक्ती केली तर नियमाचीच बदनामी होते. तेव्हा मानके सोनीबाईला बंधनकारक झाली, आणि बाकीच्यांना ऐच्छिक राहिली.

बाकीचे म्हणजे आपण. हे वाचताना खोलीतला एसी अठरावर असेल, तर दोन अंश वाढवून पाहावा. नको? काही हरकत नाही. आपली इच्छा नोंदवून घेतली आहे.