कोऱ्या नखाच्या डोंगरे सिस्टर

डोंगरे सिस्टरांना नमस्कार करून उपयोग नसे. जोडलेले हात त्या सरळ सोडवून घेत आणि नखं तपासत.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहत. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, भिलाई स्टील प्लँटच्या इस्पितळात वॉर्डाच्या इन्चार्ज, आवाज प्लँटच्या भोंग्याइतका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर नावाची पेटी आली. बोटाला चिमटा लावायचा, की रक्तात ऑक्सिजन किती ते लाल आकड्यांत दिसे. नेलपॉलिश असलं की पेटी चुकू शकते, हे कळलं आणि सिस्टरांनी भिलाईतल्या समस्त नेलपॉलिशशी वैर धरलं. "एक नख कोरं ठेवत जा वं," हे त्यांचं पालुपद. हळदीकुंकवाला गेल्या तरी पर्समधून रिमूव्हरची बाटली निघे. रिसालीतल्या एका लग्नात त्यांना नवरीचं बोट पुसताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. भटजी मंगलाष्टकं थांबवून उभे. पुढे आमच्या लायनीतल्या झाडून सगळ्या बायांचं एक बोट कोरं असे. दुर्गहून आलेल्या पाहुण्या विचारत, हे कोणतं व्रत?

पेटीवर त्यांचा जीव होता, विश्वास मात्र नव्हता. पेशंट हलला, बोट गार पडलं किंवा हातावर ऊन आलं, की "खोटं बोलून राहिली हे," म्हणत. तिनं दाखवलेले ठोके मनगटाच्या नाडीशी जुळल्याशिवाय आकडा मानत नसत. चिमटाही एकाच बोटावर फार वेळ ठेवू देत नसत. "बोट हाये ते, दोरीवरचा कपडा नाही."

एका जानेवारीत माझी आई न्यूमोनियानं त्यांच्या वॉर्डात होती. एका ढगाळ दुपारी पेटी किंचाळली. आकडा एक्क्याऐंशी. मी आकड्याकडे बघत उभा.

सिस्टर आल्या. आधी ऑक्सिजन वाढवला, डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

"मशीनले कावून पाहून राहिला, भाऊ? आईले पाह्य."

त्यांनी ओठांचा रंग पाहिला, श्वास पाहिला, नाडी धरली. नाडी एक सांगत होती, पेटी भलतंच. आईचा हात बर्फासारखा गार. स्टूल ओढून त्या बसल्या आणि तो हात दोन्ही तळव्यांत घेतला. बऱ्याच वेळानं दुसऱ्या बोटाला चिमटा लावला. ठोके जुळले. चौऱ्याण्णव. डॉक्टर आले, तपासून गेले. भीतीचं कारण नव्हतं.

तेवढ्यात आईनं डोळे उघडले. मास्कच्या आतून म्हणाली, "जेवली का वं माय तू?"

 सिस्टरांनी 'हो' म्हणून मान हलवली. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं. आई पुन्हा झोपली.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "सिस्टर, आता मी बसतो. तुम्ही जेवून या."

"थांब ना," त्या खाली बघत म्हणाल्या. "हात आजून थंडा हाये."

मी हात लावून पाहिला. चांगला ऊबदार होता.