मापात शिवलेले पट्टे

"मागे पट्टे नाहीत, बाबा. मी मुलांना त्या गाडीत बसवणार नाही," मुलीने फोनवर सांगून टाकलं. "आणि गाडी चाळीस वर्षांची आहे."

"बेचाळीस," मास्तर म्हणाले. शिंप्याला चुकलेलं माप खपत नाही.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, बायको जाऊन साडेतीन. उरली होती ती शिलाई मशीन आणि दारातली जुनी कॅम्पर, म्हणजे चाकांवरची एक खोलीच. आत शेगडी, कपाट आणि उलगडली की पलंग होणारी मागची सीट. दोघांनी हौसेने घेतलेल्या त्या गाडीत आता मास्तर एकटेच बसायचे, तेही दारातल्या दारात. मुलगी दूरच्या शहरात. दर सुट्टीत येते म्हणायची आणि दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचं. कधी परीक्षा, कधी ताप, कधी ऑफिस. या खेपेला मात्र तिने तारीख दिली होती. शनिवार. नातवंडांना कॅम्परमधून तळ्यावर न्यायचं, हे मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. आता आडवे आले होते ते फक्त हे पट्टे.

गॅरेजवाला आला. तो कुठलीही गाडी अशी बघायचा, की मालकाने नातेवाइकांना कळवायला घ्यावं. त्याने गाडीच्या तळाला बोटाने टकटक केलं.

"पट्टे चांगले आणू, मास्तर. पण अडकवायचे कशाला? खाली पत्रा राहिलाच नाही. नुसता रंग आहे."

मग पत्रा लावायचं ठरलं. पत्र्यासाठी कपाट काढावं लागलं. शेगडी कपाटाला जोडलेली, म्हणून शेगडीही गेली. बोल्ट जिथे बसणार तिथेच पलंगाची बिजागरी येत होती, म्हणून पलंग गेला, नुसती सीट राहिली. बुधवारी संध्याकाळी गाडीत मागे ती सीट आणि दोन पट्टे होते, बाकी काही नव्हतं.

"आता हिला कॅम्पर कशावरून म्हणायचं रे?" मास्तरांनी विचारलं.

"मागे बसणारी दोन माणसं मरायची नाहीत, एवढं समजा," गॅरेजवाला म्हणाला. त्याच्या तोंडून हा आशीर्वादच होता.

पट्टे साधे, कमरेवरून घ्यायचे. बकल लावायचं आणि टोक ओढून घट्ट करायचं. ती टोकं हात हातभर लोंबत होती. मास्तरांनी एक दिवस कळ काढली. उभ्या आयुष्यात त्यांच्या दुकानातून लोंबतं टोक बाहेर पडलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी पट्टे सोडवून घरात आणले आणि मापांची वही काढली. आली की नातवंडांना काहीतरी शिवून द्यायचं, आणि निघताना पुढच्या खेपेच्या कपड्यांसाठी दोघांची मापं घेऊन ठेवायची, वाढत्या अंगाची सूट धरून, असा त्यांचा शिरस्ता होता. वहीत नातीची कंबर होती, नातवाची कंबर होती. कात्री चालली. तीन सुया मोडल्या, पण दुहेरी शिलाई झकास बसली. बायको असती तर चष्मा लावून उलटसुलट पाहून "बरंय" म्हणाली असती. तिच्या त्या "बरंय"ची मास्तरांना फार आठवण आली.

शनिवारी गॅरेजवाला शेवटची नजर टाकायला आला आणि गाडीच्या पायरीवर मटकन बसला.

"मास्तर, पट्टे कापलेत?"

"शिवलेही."

"अहो, ही काय पायजम्याची नाडी आहे? कापलेला पट्टा म्हणजे भंगार! नवे यायला आठ दिवस लागतील."

"शिलाई उसवायची नाही. माझी आहे."

"गाडी झाडावर आदळली तर झाडाला सांगणार का, शिलाई कुणाची आहे ते?"

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "गाडी हलवत नाही. नुसतं बसवून दाखवतो. पट्टे झालेत एवढं पोरीला दिसू दे. नाहीतर ती पुन्हा कशाला येतेय?"

"गाडी हलली तर मी चाकापुढे आडवा पडेन," गॅरेजवाला म्हणाला, पण जागचा उठला नाही.

टॅक्सी आली. आधी मुलगी उतरली, असं मास्तरांना वाटलं. ती नात होती. मुलगी तिच्यामागून उतरली, आणि नातू "आजोबा" म्हणाला तो चक्क मोठ्या माणसाच्या आवाजात. फोनवर मास्तरांना दोघांची फक्त कपाळं दिसायची. कपाळावरून माणूस केवढा झालाय ते कळत नाही.

"बसा, बसा. पट्टे लावून बघा," मास्तर घाईघाईने म्हणाले.

नातीचं बकल चार बोटं अलीकडेच थांबलं. नातवाने पोट आत ओढलं, श्वास रोखला, लालबुंद झाला. तरी वीतभर अंतर उरलं.

"आजोबा, हे लहान बाळांचे आहेत का?" त्याने विचारलं.

मुलीने पट्टा हातात घेतला. शिलाई तिने लगेच ओळखली.

"बाबा, मापं कुठली घेतलीत?"

"वहीतली. मागच्या खेपेची."

"किती दिवस झाले त्याला?"

"तीन वर्षं, चार महिने."

हे मास्तरांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. कुणी आकडा विचारला की आकडा सांगायचा, एवढीच त्यांची सवय. पण मुलीने मान खाली घातली आणि शिलाईवरून उगाच बोट फिरवत राहिली.

"वाढत्या अंगाची सूट धरता ना तुम्ही नेहमी?" तिने विचारलं.

"धरली होती की तेव्हाच. दोन इंच."

"दोनच, बाबा?"

"दोन इंचांत याल असं वाटलं होतं," मास्तर म्हणाले.

गॅरेजवाला पायरीवरून उठला आणि काही गरज नसताना मागच्या चाकातली हवा तपासू लागला.