चिंचेकडची रिंग

“लांबनंच फेकायलेत नुसतं! चिंचा पाडायच्यात व्हय?” टीव्हीवरच्या बास्केटबॉलवर बंडप्पा करवादले.

बंडप्पा म्हणजे नळदुर्गच्या शाळेचे एकेकाळचे पॉइंट गार्ड. बॉल घेऊन पुढं जायचं आणि पंगतीतल्या वाढप्यासारखं ज्याला त्याला नेमकं वाढायचं, हे त्यांचं काम. त्याला पन्नास वर्षं झाली, पण बढाई काही संपली नव्हती. त्या वेळी शाळेला रिंग एकच होती, चिंचेकडची. दुसरी मंजूर झाली होती, फक्त आली नव्हती. “एका रिंगंवर जिल्हा गाजवला आमी!” हे घरातल्या भांड्यांनाही पाठ होतं.

पंचाईत झाली नातीची. शिवप्रियाला लातूरला निवड चाचणीला जायचं होतं, संमतीपत्रावर सही हवी होती, आणि घरात सही चालायची ती बंडप्पांचीच.

“असल्या खेळाला सही करत न्हाय म्या. चोवीस सेकंदात बॉल टाकायचा म्हणं! तेवढ्यात आमची नाडी बी बांधून व्हत नव्हती.”

“अप्पा, तुमच्या वेळचे गार्ड आजच्या खेळात टिकलेच नसते.”

झालं! बंडप्पांच्या मिशा थरथरल्या. “टिकलो नसतो? बोलव तुझ्या पोरी! हरलो तर सही. जिंकलो तर लातूरचं नाव काढायचं न्हाय!”

रविवारी सकाळी जुनी टीम शाळेच्या मैदानात उतरली. दुसरी रिंग एव्हाना आली होती. आण्णासाहेबांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. पंच म्हणून शाळेचे मल्लिनाथ सर उभे होते.

“अप्पा, पहिल्यांदा चिंचंकडच्या रिंगंत तुम्ही टाका,” शिवप्रिया अदबीनं म्हणाली.

“वळण हाय पोरीला,” बंडप्पा विरघळले.

आणि खरंच, म्हाताऱ्यांनी रंग भरला. बंडप्पा बघायचे एकीकडं, बॉल द्यायचे दुसरीकडं. पोरी एकमेकींवर आदळायच्या. रिंगेखाली ठाण मांडलेले आण्णासाहेब बॉल अलगद आत सोडायचे. फक्त शिट्ट्या फार वाजत होत्या.

“सर, बॉल तर आमच्याकडंच हाय की!”

“म्हणूनच वाजवली. चोवीस सेकंद झाले.”

मध्यंतरात लिंबूपाणी झालं, बाजू बदलल्या. पोरींनी लांबून फेकत बरोबरी गाठली. शेवटचं अर्धं मिनिट उरलं आणि बंडप्पांनी नातीच्या हातातला बॉल हिसकावला! मान वर केली तर समोर चिंच. पन्नास वर्षांची सवय पायांत उतरली आणि गडी तडक सुटला.

नवल म्हणजे एकही पोरगी आडवी आली नाही. ‘भ्याल्या!’ बंडप्पांची छाती फुगली. मागून आण्णासाहेब बोंबलत होते, “बंडू, तिकडं न्हाय! आरं आपलीच हाय ती!” पण तोवर बॉल अलगद जाळीतून खाली आला होता.

आपल्याच रिंगेत टाकलेले दोन गुण समोरच्यांचे. सरांनी शेवटची शिट्टी वाजवली आणि पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं. बंडप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण घरी येईपर्यंत गडी सावरला. संमतीपत्र पुढं ओढत म्हणाले, “शेवटी आजच्या टीमला जिंकवलं कुणी? जुन्या गार्डनंच ना?” आणि ऐटीत सही ठोकून चहा मागितला.

स्वयंपाकघरात गौराबाईंनी नातीला हळूच विचारलं, “चिंचंकडची रिंग पयल्यांदा त्यांना का दिलीस गं?”

“मोठी माणसं, आज्जी,” शिवप्रिया कागदाची घडी घालत म्हणाली. “आणि दुसऱ्या डावात बाजू बदलतातच की.”