सव्वादोनचा भोंगा

माणसं कधी हलतात आणि कधी थांबतात, हे सोलापुरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं १९७४च्या फेब्रुवारीपर्यंत माझं ठाम मत होतं. मताला आधारही होता! मी भीमाशंकर हत्तुरे, मिलच्या टाइम ऑफिसातला कारकून. तिन्ही पाळ्यांची हजेरी माझ्या हाताखालून जायची. शिवाय मी आमच्या हौशी नाट्यमंडळाचा चिटणीस. म्हणजे दिवसा माणसं गेटातून आत घ्यायची आणि संध्याकाळी रंगमंचावर ढकलायची, दोन्ही कामं माझ्याकडेच.

अशा माणसाला थेट कोपनहेगनहून पत्र आलं, तर त्यात नवल काय?

पत्र इंगेबाईंचं होतं. या बाईंची नृत्यनाट्याची मोठी कंपनी होती. बावीस नर्तक, ट्रकभर सामान, वर्षभर देशोदेशी दौरे. त्यांना हिंदुस्थानातलं एक गिरण्यांचं गाव हवं होतं. पद्धत अशी की अर्धं नाटक त्यांचं, अर्धं त्या गावाचं. याला सहनिर्मिती म्हणतात म्हणे! आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं, त्यानं माझी भूकच गेली. गावातला एक माणूस कंपनीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर येईल. अकरा शहरं!

एक माणूस. आता तुम्हीच सांगा, दुसरा कोण असणार?

मी त्याच आठवड्यात नवी बॅग घेतली. पेंटरकडून झाकणावर इंग्रजीत ठसठशीत अक्षरं काढून घेतली : 'बी. एस. हत्तुरे, सोलापूर'. अक्षरं लांबून दिसली पाहिजेत, विमानातून उतरताना माणसं लांब उभी असतात.

"अहो, अजून तुमाला कोणी या म्हणालंय का?" आमच्या सौभाग्यवती रुद्राणीबाईंनी विचारलं.

"म्हणतील की!"

"मग तोवर नाव खडूनं लिवायचं होतं."

काही माणसांना मोठेपणाची दृष्टीच नसते. मी बॅग पलंगाखाली सरकवली आणि स्टेशनवर गेलो.

इंगेबाई उतरल्या. उंच, किडकिडीत, पायात वहाणसुद्धा नाही. मी हार घातला, सोलापुरी चादर पांघरवली, आणि आमच्या मंडळाच्या नटांची ओळख करून दिली. सगळे दाढी करून, पावडर लावून उभे होते. बाईंनी एकेकाला नीट न्याहाळलं आणि मला बाजूला घेतलं.

"मिस्टर हत्तुरे, मला नट नकोत. माणसं हवीत."

त्या दिवसापासून आमचा नायक माझ्याशी बोलत नाही. असो.

माणसं म्हणजे माझीच की! दुसऱ्या पाळीतले चाळीस कामगार मी निवडले. सगळे मागावर काम करणारे, सकाळी मोकळे असणारे. त्यांत पुढारी म्हणजे कोंडीबा. मूळचा मैंदर्गीकडचा, वीस वर्षं मागावर, आणि या वीस वर्षांत हजेरीला एकदाही उशीर नाही. खाडा तर माहीतच नाही.

"सायेब, करायचं काय पर?" त्यानं विचारलं.

"मागावर हात चालवतोस ना, तसेच चालवायचे. फक्त माग नाही असं समजायचं."

"माग न्हाय तर हात कशाला चालवायचं वो?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, हाच तर या नाटकाचा प्रश्न आहे! कोंडीबाला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "व्हय, मग त्यास्नीबी ठावं न्हाय म्हणा की," आणि हात चालवायला लागला.

नाटक असं होतं. चाळीस कामगार नसलेले माग चालवणार. बावीस नर्तक त्यांच्यामधून फिरणार, आणि नर्तकांना एकच कडक नियम : गावची माणसं जे करतील, तेच त्यांनी करायचं. सगळ्यात शेवटी भोंगा होणार. भोंगा झाला की चाळीसच्या चाळीस जण जागच्या जागी थिजणार. चार मिनिटं भोंगा वाजतोय आणि कोणी हलत नाही! बाई हे सांगताना डोळे पुसायच्या.

भोंगा म्हणजे आमच्या मिलचाच. बाईंनी तो पहिल्याच दिवशी मिलच्या गच्चीवर उभं राहून टेपवर घेतला होता. पण ती टेप त्या कोणाला ऐकू देईनात. म्हणाल्या, प्रयोगाच्या दिवशीच. तोवर तालमीत भोंग्याचं काम मी केलं. सलग आठ दिवस, दोन्ही हात तोंडाशी धरून, "भोंऽऽऽऽ!" आणि काय सांगू, एक माणूस हलला नाही! मी भोंकतोय आणि चाळीस जण पुतळ्यासारखे उभे. माझा घसा बसला, पण छाती फुगली.

आदल्या दिवशी बाईंनी विचारलं, "मिस्टर हत्तुरे, खरा आवाज ऐकून यांचं काही बिघडणार नाही ना?"

"मॅडम," मी म्हणालो, "या माणसांची हजेरी मी मांडतो. मी हलू नका म्हटलं, तर आकाश कोसळलं तरी हलणार नाहीत!"

हे वाक्य मला अजूनही अधूनमधून आठवतं. विशेषतः जेवताना.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. दुसरी पाळी साडेतीनला सुरू होते. तीनला पहिला भोंगा, म्हणजे घरातून निघा. साडेतीनला दुसरा, म्हणजे गेट बंद. गेट बंद झालं की गेला दिवस, मग कोणाच्याही नावानं रडा. त्यामुळं आमच्या कामगारांत घड्याळ कोणी घेत नाही. लग्नात आलंच तर ट्रंकेत ठेवतात. भोंगा असताना घड्याळ कशाला?

प्रयोग आम्ही दीडला ठेवला. सव्वादोनला भोंगा, दोन वीसला समाप्त, तीनच्या खऱ्या भोंग्याआधी सगळे मोकळे. हिशेब माझा, चुकणार कसा? थिएटर दुसऱ्या पाळीच्या लोकांनी गच्च भरलं. बाहेर तेवढेच उभे. त्यांची निराशा व्हायला नको म्हणून मी चन्नवीर लाऊडस्पीकरवाल्याला बोलावून थिएटरच्या छपरावर चार कर्णे बसवले.

"हत्तुरेअण्णा, आवाज किती ठेवू?" चन्नवीरनं विचारलं.

"गड्ड्याच्या जत्रेत ठेवतोस तेवढा!" मी म्हणालो.

पडदा वर गेला. कोंडीबा आणि मंडळी हात चालवू लागली. अंगाच्याच रंगाचे घट्ट कपडे घातलेले बावीस नर्तक हळूहळू त्यांच्यामधून सरकू लागले. हळूहळू म्हणजे किती? एक नर्तक डाव्या विंगेतून निघाला, तो मध्यावर येईपर्यंत माझ्या शेजारच्या आजोबांची एक झोप झाली. खिडक्यांना काळं कापड, आत अंधार. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, म्हणून मला कळत होतं की पंचेचाळीस मिनिटं झालीत. बाकी कोणालाही विचारलं असतं, तरी संध्याकाळच्या खाली कोणी बोललं नसतं.

आणि सव्वादोनला भोंगा झाला.

अहो, भोंगा म्हणजे काय भोंगा! मूळ भोंग्यापेक्षा मोठा!

पहिला उठला कोंडीबा. म्हणजे तो उभाच होता, तो पळाला. हात चालवता चालवता त्यानं मान वर केली, "आयला, तीन झालं!" म्हणाला आणि रंगमंचावरून उडी मारून तरातरा निघाला. त्याच्या मागोमाग एकोणचाळीस. ते खाली उतरतात न उतरतात तोच अख्खं थिएटर उठलं. कोणी चपला हातात घेतल्या, कोणी शेजाऱ्याच्या घेतल्या. मी दोन्ही हात पसरून दारात उभा राहिलो.

"बसा! अरे बसा! हा नाटकातला भोंगा आहे!"

"भोंगा कुटं नाटकातला असतो का, सायेब!" एक जण माझ्या काखेतून जाताना म्हणाला.

गावची माणसं करतील तेच करायचं, हा नियम. बावीस नर्तकही पळाले! अंगाच्या रंगाच्या कपड्यांत, अनवाणी, भर दुपारी, सोलापूरच्या रस्त्यावरून. चहावाल्यानं किटली खाली ठेवून हात जोडले. तोवर कर्ण्यांनी आपलं काम केलं होतं. आसपासच्या गल्ल्यांतून दुसऱ्या पाळीची उरलेली माणसं डबे सावरत बाहेर पडली. जवळच्या शाळेचा शिपाई भोंग्यावर तीनची घंटा द्यायचा. त्यानं ती दिली आणि पोरंही रस्त्यावर आली. वाटेत रुद्राणी भेटली, भाकरीच्या पिठाचे हात घेऊन.

"अय्यय्यो, तीन वाजलं? माझं घड्याळ सव्वादोन दाखवतंय की!"

"तुझं घड्याळ बरोबर आहे!"

"मग गाव चुकलंय होय?"

मी तसाच मिलकडे पळालो. कारण मला पुढचं दिसत होतं. मिलच्या गेटावर दुसरी पाळी दिसली, की आतली पहिली पाळी बदली आली म्हणून माग बंद करते. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. मी धापा टाकत पोचलो, तेव्हा आतला खडखडाट थांबलेला होता. भर पाळीत मिल बंद! बाहेर चारशे माणसं, त्यांच्यात मिसळलेले बावीस गोरे. मॅनेजरसाहेब गेटाच्या आत, चौकीतल्या फोनचा रिसीव्हर हातात, तोंड पांढरंफटक. त्यांना वाटलं घेराव! तोही परदेशी हात असलेला! पोलीस निघाले होते.

"हत्तुरे!" ते ओरडले. "किती वाजले?"

"साहेब, दोन चौतीस."

"मग ही माणसं इथं का आहेत?"

"नाटक चालू आहे साहेब."

"कुठं?"

 पोलिसांची गाडी आली. फौजदारांनी विचारलं, तुमची मागणी काय? चारशे जण एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कोंडीबा पुढं झाला आणि म्हणाला, "गेट उघडा म्हणतो सायेब, आमाला कामाला जायचंय." फौजदारांच्या नोकरीत अशी मागणी पहिलीच असावी. ते टोपी काढून डोकं पुसायला लागले.

इंगेबाई या गर्दीच्या मधोमध उभ्या होत्या.  दोन वर्षांचं काम, शेवटची चार मिनिटं, आणि ती मी घालवली होती. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. पलंगाखालची बॅग माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. वाईट वाटलं हो! बॅगेचं वाटलं, पण बाईंचंही वाटलं.

तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. खरा!

आणि कोणी हललं नाही. हलून जाणार कुठं? सगळे आधीच गेटावर! वर भोंगा बोंबलतोय, खाली चारशे कामगार ताटकळत उभे, हातात डबे, तोंडं गेटाकडे. त्यांच्यात बावीस नर्तक, तसेच स्तब्ध. फौजदारही स्तब्ध, टोपी हातात. बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ढसाढसा रडायला लागल्या. हेच! त्यांना हवं होतं ते हेच!

पण एक माणूस हलला.

मी. सवयीनं! तीनचा भोंगा म्हणजे टाइम ऑफिसची खिडकी उघडायची वेळ. "सरका, सरका, हजेरी!" करत मी त्या स्तब्ध गर्दीला कोपर मारत पार मधून गेलो. खिडकी उघडून रजिस्टर काढल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडेच बघताहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला बसण्याआधी बाईंनी माझे हात हातात घेतले.

"मिस्टर हत्तुरे, तुमचे उपकार फार मोठे आहेत. पण माझ्याबरोबर कोंडीबा येईल. खोट्या भोंग्याला पहिला तो उठला, खऱ्या भोंग्याला सगळ्यांत स्थिर तो उभा राहिला. तुम्ही..." बाई शब्द शोधत थांबल्या. फार सुसंस्कृत बाई. "तुमचं अगदी उलट झालं."

खरंच होतं. खोट्या भोंग्याला न हललेला आणि खऱ्याला हललेला असा अख्ख्या सोलापुरात मी एकटाच निघालो.

मॅनेजरसाहेबांनी कोंडीबाला रजा दिली, कारण तोवर वर्तमानपत्रात मिलचं नाव छापून आलं होतं. मला मेमो दिला, कारण मेमो कोणाला तरी द्यावाच लागतो. कोंडीबाकडे बॅग नव्हती. रुद्राणीनं पलंगाखालून माझी काढून दिली, वर शेंगाचटणीचा डबाही घातला.

"नाव खोडून देऊ का?" ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो. "निदान तेवढं तरी जाऊन येऊ दे."

तीन महिन्यांनी कोंडीबा परत आला. मी त्याला टाइम ऑफिसात बसवलं, चहा मागवला.

"काय रे, कसं होतं युरोप?"

"काय न्हाय वो सायेब. भोंगा झाला की उठायचं आन् जायचं. हितंबी त्येच की!" चहा संपवून तो साडेतीनच्या आत मागावर गेला.

जाताना मात्र त्यानं मला एक कात्रण दिलं. तिकडच्या मोठ्या वर्तमानपत्रातलं. ऐसपैस फोटो, फोटोत कोंडीबा, पागोट्यासकट. खाली छापलेलं नाव त्यांनी बॅगेवरून उतरवलेलं : बी. एस. हत्तुरे, सोलापूर.

ते कात्रण मी फ्रेम करून टाइम ऑफिसच्या भिंतीवर लावलंय. नाव दारातूनच वाचता येतं. चेहऱ्यावर तेवढं मिलचं कॅलेंडर येतं. भिंतीत खिळा नेमका तिथंच होता, त्याला मी काय करणार!